पहिला चांगला कॅमेरा घेताना: निवडीचा क्रम आणि खर्चाची आखणी

फोनच्या पुढे जाऊन लेन्स बदलता येईल आणि अ‍ॅपर्चर, शटर व आयएसओ (अनुक्रमे प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र, प्रकाश आत येण्याचा वेळ आणि प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) आपल्या हाताने ठरवता येतील असा पहिला कॅमेरा घेणारे बहुतेक जण चुकतात ते क्रमात. आधी एक रक्कम ठरते, मग त्या रकमेत बसणारी सर्वांत महागडी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निवडली जाते, तिच्यासोबत खोक्यात येईल ती लेन्स पत्करली जाते, आणि कार्ड, बॅटरी, बॅकअप, पावसाळ्यातली साठवण यांची आठवण पैसे संपल्यावर येते. पुढे सहा महिन्यांत कॅमेरा कपाटात जातो, कारण ज्या छायाचित्रांसाठी तो घेतला ती त्याच्यासोबतच्या लेन्सने निघतच नाहीत. हा लेख हा क्रम उलटा करण्यासाठी लिहिला आहे: आधी गरज, मग लेन्स, मग माउंट (लेन्स आणि बॉडी यांचा जोड), त्यानंतर बॉडी आणि शेवटी दुकान. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. मधला एखादा टप्पा गाळला तर पुढचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

## टप्पा १: फोनमधल्या फसलेल्या छायाचित्रांची छाननी

कोणत्याही मॉडेलचे नाव शोधण्याआधी आपल्या फोनमधली गेल्या वर्षभरातली छायाचित्रे उघडा आणि ज्यांनी तुमची निराशा केली अशी वीस-पंचवीस बाजूला काढा. चांगली आलेली पाहण्याचे कारण नाही, कारण ती काढायला तुमचा फोन पुरेसा आहे. प्रत्येक फसलेल्या छायाचित्रासमोर ते का फसले याचे एकच कारण लिहा. कारणे साधारणपणे पुढीलपैकी असतात.

विषय हलला म्हणून धूसर आला: घरात खेळणारे मूल, शाळेच्या स्नेहसंमेलनातला नाच, हळदीच्या कार्यक्रमातली गडबड. याचा अर्थ प्रकाश कमी होता आणि शटर हळू पडले. येथे मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स लागते.

विषय फार लहान आला: झाडावरचा पक्षी, मैदानाच्या पलीकडचा खेळाडू, रंगमंचावरचा नट. येथे लांब फोकल लेंग्थ, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स लागते.

क्षण निसटला: बटण दाबले आणि हसू मावळल्यावर छायाचित्र निघाले. येथे बॉडीचा ऑटोफोकस आणि तिची तत्परता कामाला येते.

प्रकाश सपाट किंवा रखरखीत होता: दुपारी बाराला काढलेला किल्ला, ट्यूबलाइटखाली काढलेले ताट. हे दुखणे कोणताही कॅमेरा बरा करत नाही. त्यासाठी वेळ बदलावी लागते किंवा खिडकीजवळ जावे लागते. यादीतली निम्म्याहून अधिक छायाचित्रे या गटात पडली तर खरेदी तीन महिने पुढे ढकला आणि तोवर सकाळच्या व संध्याकाळच्या उन्हात फोननेच काम करा. हा सल्ला मी मनापासून देतो, कारण अशा वेळी घेतलेला कॅमेरा हटकून निराशा पदरी टाकतो.

तपासा: यादीतले सर्वांत मोठे दोन गट कोणते, ते एका ओळीत लिहिता आले पाहिजे. "सगळेच काढायचे आहे" असे उत्तर येत असेल तर छाननी पुन्हा करा. सगळ्यासाठी घेतलेली लेन्स यातल्या एकाही गटाला पुरी पडत नाही.

## टप्पा २: कोणती लेन्स लागेल ते कागदावर मांडणे

येथे थोडे गणित आहे, पण तेच पुढचे हजारो रुपये वाचवते. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ फुल फ्रेमच्या (३६ गुणिले २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबात २४ ते २६ मिमी असते. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्मच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडींवर लेन्सवर छापलेल्या आकड्याला १.५ ने आणि कॅननच्या बॉडीवर १.६ ने गुणले की फुल फ्रेमचा आकडा मिळतो. म्हणजे १८-५५ ही किट लेन्स (बॉडीसोबत खोक्यात येणारी) निकॉनवर २७ ते ८२ मिमी इतके पाहते, आणि कॅनन आर५० सोबत येणारी १८-४५ ही सुमारे २९ ते ७२ मिमी इतके. यातून एक गोष्ट उघड होते, जी दुकानात कोणी सांगत नाही: गडावरून दिसणारा विस्तीर्ण पट्टा टिपण्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याला किट लेन्स फोनपेक्षाही थोडे कमीच दाखवते. त्याला १० किंवा ११ मिमीपासून सुरू होणारी वाइड लेन्स लागेल, आणि तिचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावे लागतील.

दूरच्या विषयासाठी सूत्र सोपे आहे. विषयाची उंची मीटरमध्ये घ्या, तिला लेन्सच्या छापील फोकल लेंग्थने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. उत्तर म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची मिलिमीटरमधली उंची. एपीएस-सी सेन्सरची उंची सुमारे १५.६ मिमी असते, कॅननमध्ये थोडी कमी. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून ४० मीटरवर उभा असलेला सव्वा मीटरचा रोहित पक्षी ३०० मिमी लेन्सने सेन्सरवर सुमारे ९.४ मिमी उंच उमटतो, म्हणजे चौकटीचा अर्ध्याहून अधिक भाग भरतो. तोच पक्षी किट लेन्सच्या ५५ मिमी टोकाला पावणेदोन मिमीसुद्धा भरत नाही. मात्र सोळा सेंटीमीटरचा छोटा खंड्या पंधरा मीटरवर असेल तर ३०० मिमीनेही तो ३.२ मिमी, म्हणजे चौकटीच्या पाचव्या भागाइतकाच येतो. लहान पक्ष्यांची आवड असणाऱ्याने ३०० मिमीवर थांबू नये. त्याने १५०-६०० सारख्या लेन्सची किंमत आधी पाहावी आणि बॉडी त्यातून उरलेल्या पैशांत बसवावी.

कमी प्रकाशाचे गणित याहून महत्त्वाचे आहे, कारण सर्वाधिक फसगत येथे होते. आर५० सोबतची किट लेन्स ४५ मिमीला एफ/६.३ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). ५० मिमी एफ/१.८ ही साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स तिच्यापेक्षा सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. स्नेहसंमेलनात रंगमंचावर एफ/१.८ ला, आयएसओ १६०० ठेवून, शटर १/२५० सेकंद मिळत असेल तर त्याच जागी किट लेन्सने ते सुमारे १/२० सेकंदावर येते. एवढ्या हळू शटरने नाचणारे मूल स्पष्ट येणे शक्य नाही, मग बॉडी कितीही नवी असो.

सावधान: लेन्समधले स्थिरीकरण, म्हणजे कॅननचे आयएस, निकॉनचे व्हीआर, सोनीचे ओएसएस, हे फक्त तुमच्या हाताची थरथर आवरते. समोर हलणाऱ्या माणसाला ते थांबवत नाही. त्याच्या भरवशावर मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स टाळू नका.

हा टप्पा संपल्यावर कागदावर दोन लेन्स असाव्यात: एक आत्ता घ्यायची आणि एक वर्षभरात घ्यायची. त्यापलीकडची यादी करू नका.

## टप्पा ३: रकमेची वाटणी

आता एकूण रक्कम लिहा, आणि ती "कॅमेऱ्याची" न मानता संपूर्ण संचाची माना. माझ्या मते बॉडी आणि किट लेन्स मिळून एकूण रकमेच्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर जाता कामा नये. उदाहरणादाखल एक लाख रुपयांची वाटणी पुढे दिली आहे. हे बाजारभाव नसून प्रत्येक बाबीसाठी राखून ठेवायचे कप्पे आहेत.

- बॉडी व किट लेन्स: ६२,००० रुपये
- दुसरी लेन्स: १५,००० रुपये
- मूळ कंपनीची जादा बॅटरी: ४,५०० रुपये
- ६४ जीबीची दोन कार्डे: २,५०० रुपये
- बॅग: ३,००० रुपये
- हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक: १,००० रुपये
- बॅकअपसाठी हार्ड डिस्क: ७,००० रुपये
- राखीव: ५,००० रुपये

यातला राखीव कप्पा आधी गिळला जातो. "अजून पाच हजार टाकले तर वरचे मॉडेल येते" हे वाक्य दुकानात प्रत्येकाला ऐकवले जाते, आणि ते पाच हजार नेमके येथूनच जातात. ते जाऊ देऊ नका.

जादा बॅटरी ही चैन समजू नये. निकॉन डी३५०० या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) बॅटरी प्रमाणित चाचणीत एका चार्जवर १,५५० छायाचित्रे देते, तर त्याच कंपनीचा झेड५० हा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, तीनशेच्या आसपास. लग्नाच्या दिवशी किंवा वारीसोबत चालताना एका बॅटरीवर मिररलेस दिवस काढू शकत नाही.

कार्डावर व्ही३० हे चिन्ह पाहा. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. पाकिटावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, त्याला भुलू नका. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणून ६४ जीबीमध्ये दोन हजारांच्या आसपास मावतात. एकाच २५६ जीबीच्या कार्डापेक्षा ६४ ची दोन बरी, कारण एक बिघडले तर अर्धे काम तरी हाती राहते. रॉ फाइलींवर काम करण्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी हे मोफत कार्यक्रम पुरेसे आहेत. मासिक वर्गणीचा खर्च पहिल्या वर्षात आवश्यक नाही.

ट्रायपॉड या यादीत मुद्दाम ठेवलेला नाही. रात्रीची दृश्ये किंवा दागिन्यांची छायाचित्रे हा तुमचा मोठा गट असेल तरच तो घ्या, आणि तेव्हा तो राखीव पैशांतून घ्या. खोक्यासोबत फुकट मिळणारा प्लास्टिकच्या डोक्याचा ट्रायपॉड कॅमेऱ्याचे वजन पेलत नाही आणि वाऱ्यात कॅमेरा घेऊन कोसळतो.

## टप्पा ४: माउंट ठरवणे

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स मात्र बराच काळ सोबत राहतात, आणि त्या एका माउंटला बांधलेल्या असतात. टप्पा २ मध्ये लिहिलेल्या दोन्ही लेन्स ज्या माउंटवर तुमच्या रकमेत मिळतात तेच माउंट तुमचे. सोनीच्या ई माउंटवर इतर कंपन्यांच्या लेन्सची निवड सर्वाधिक आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर अ‍ॅडॅप्टर लावून जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ऑटोफोकससह चालतात, त्यामुळे घरात किंवा ओळखीत जुन्या कॅनन लेन्स असतील तर तो मोठा आधार ठरतो.

निकॉनच्या बाबतीत एक खड्डा नेहमीचा आहे. ५० मिमी एफ/१.८ डी ही स्वस्त लेन्स बाजारात सहज मिळते, पण तिला फोकस फिरवण्यासाठी बॉडीतली मोटर लागते. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडींमध्ये ती मोटर नाही, आणि झेड या मिररलेस मालिकेला जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावूनही ती येत नाही. लेन्सवर फोकसची कडी हाताने फिरवावी लागते हे घरी आल्यावर कळते. डीएसएलआर घेत असाल तर लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे असल्याची खात्री करा. एएफ-पी लेन्स मात्र निकॉनच्या फार जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत, म्हणून बॉडी जुनी असेल तर ती लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

सावधान: कॅननचे ईएफ-एम माउंट २०२३ मध्ये बंद झाले. एम५० सारख्या बॉडी वापरलेल्या बाजारात आकर्षक किमतीला दिसतात, परंतु ईएफ-एम लेन्स कॅननच्या पुढच्या कोणत्याही बॉडीवर बसत नाहीत. तो संच जसा आहे तसाच शेवटपर्यंत वापरायची तयारी असेल तरच घ्यावा.

डीएसएलआर की मिररलेस हा प्रश्नही येथेच मिटतो. २०२० नंतर कॅननने किंवा निकॉनने नवा डीएसएलआर आणलेला नाही, म्हणून नवा संच उभारायचा तर मिररलेस घ्यावा. एकूण रक्कम चाळीस हजारांच्या आत असेल तर मात्र वापरलेला डीएसएलआर आणि एक चांगली प्राइम लेन्स हा अजूनही सर्वांत समंजस मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये.

## टप्पा ५: बॉडीची निवड

चौथ्या टप्प्यानंतर बॉडीचे दोन-तीनच पर्याय उरतात. त्यांच्यात निवड करताना मेगापिक्सेल पाहू नका. चोवीस मेगापिक्सेलची फाइल ६,००० गुणिले ४,००० ठिपक्यांची असते आणि इंचाला ३०० ठिपके या दर्जाने तिची २० गुणिले १३ इंचांची प्रत निघते. भिंतीवर लावायला ती पुरेशी आहे.

फुल फ्रेमचा मोह येथे होतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमीचा, तर एपीएस-सी सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिमीचा असतो. क्षेत्रफळाच्या हिशेबात हा फरक २.३६ पट, म्हणजे कमी प्रकाशात साधारण सव्वा स्टॉपचा लाभ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). याउलट एफ/६.३ वरून एफ/१.८ वर गेल्याने साडेतीन स्टॉप मिळतात, आणि ते पंधरा हजारांच्या आसपासच्या लेन्समध्ये मिळतात. शिवाय फुल फ्रेमच्या प्रत्येक पुढच्या लेन्सला अधिक पैसे आणि अधिक वजन द्यावे लागते. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर दुकानात जाऊन, खरेदी न करता, पुढील गोष्टी हाताळून पाहा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या भागात एकाच फेरीत अनेक दुकाने पाहता येतात. इतर शहरांत एखाद्या छायाचित्रकार मित्राचा कॅमेरा तासभर मागून घ्या किंवा एक दिवस भाड्याने आणा. भाड्याचे पैसे वाया जात नाहीत.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी आहे का, ते पाहा. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० यांना तो नाही, आणि भर उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. चष्मा असेल तर चष्म्यासह डोळा लावून चारही कोपरे दिसतात का, ते तपासा. स्क्रीन वळते का आणि स्पर्शाने चालते का, ते पाहा. कॅनन आर१०० ची स्क्रीन स्थिर आहे आणि तिला स्पर्शाची सोय नाही, हे किंमत पाहून आनंदलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. बॉडीत स्थिरीकरण आहे का, हेही विचारा. आर५०, झेड५० आणि सोनी ए६४०० यांच्यात ते नाही, म्हणून प्राइम लेन्सने शटर फार खाली नेता येणार नाही. शेवटी किट लेन्स लावून कॅमेरा पाच मिनिटे एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने काही न करता अ‍ॅपर्चर, आयएसओ बदलून पाहा. करंगळी सतत खाली घसरत असेल तर पकड तुमच्या हाताची नाही.

## टप्पा ६: वापरलेला घेत असाल तर तपासणी

वापरलेल्या कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, घाईने घेतलेल्याला आहे. भेट दिवसाउजेडी ठेवा, स्वतःचे कार्ड, एक छोटी बॅटरी-टॉर्च आणि शक्य तर लॅपटॉप सोबत न्या, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत इसार देऊ नका. क्रम असा ठेवा.

१. बॉडीखालचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि पक्क्या बिलावरचा नंबर जुळवा. बिल नसेल तर माल चोरीचा असण्याची शक्यता मनात धरा आणि किंमत कितीही कमी असली तरी उठा.

२. लेन्स काढा, अ‍ॅपर्चर उघडे ठेवून एका बाजूने टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी आहे. थोडीशीच आहे, साफ होते, असे सांगितले जाईल. पण तिने काचेवरचा लेप खाल्लेला असू शकतो आणि जवळच्या दुसऱ्या लेन्सलाही तिची लागण होऊ शकते. कोकण, मुंबई आणि गोव्यातून आलेल्या लेन्सबाबत ही तपासणी कधीच टाळू नये.

३. एफ/१६ ला आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्या. काळे ठिपके म्हणजे बहुधा धूळ, ती निघते. एकाच जागी राहणाऱ्या रेषा किंवा ओरखडे निघत नाहीत.

४. लेन्सचे झाकण लावून आयएसओ १०० ला, १/६० सेकंदाने एक छायाचित्र घ्या आणि मोठे करून पाहा. लाल, निळे, पांढरे चमकते ठिपके दिसले तर किंमत कमी करून मागा.

५. शटर किती वेळा पडले आहे, ते पाहा. निकॉन हा आकडा प्रत्येक फाइलीतच लिहून ठेवतो आणि मोफत कार्यक्रमांनी तो वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फाइलीत नसतो. सुरुवातीच्या श्रेणीतले डीएसएलआर साधारण एक लाख वेळांसाठी बनवलेले असतात. सत्तर हजार झालेले असतील तर उरलेल्या आयुष्याच्या मानाने भाव करा.

६. माउंटवरचे सोनेरी संपर्कबिंदू, फ्लॅशचा हॉटशू, कार्डाचा खण, बॅटरीचे झाकण आणि प्रत्येक चाक चालवून पाहा. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कॅमेरा उघडला गेला आहे.

७. जवळ, मध्यम आणि दूर अशा तीन अंतरांवर ऑटोफोकस लावा, तेही लेन्सच्या दोन्ही टोकांना.

सावधान: विकणारा "आत्ताच दुसरे गिऱ्हाईक येणार आहे" म्हणाला तर येऊ द्या.

## टप्पा ७: खरेदीचा दिवस

नवा कॅमेरा घेताना पक्के जीएसटी बिल घ्या आणि त्यावर बॉडीचा व लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या. कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ पासून १८ टक्के आहे, म्हणून बिनबिलाचा माल मोठ्या फरकाने स्वस्त सांगितला जातो; त्यात बहुधा भारतातली वॉरंटी नसते आणि पहिल्या दुरुस्तीत वाचलेले सगळे पैसे जातात. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवतानाही हेच लक्षात ठेवा, कारण बॉडीची वॉरंटी अनेकदा त्या देशापुरती असते. तुमचा नोंदणीकृत व्यवसाय असेल आणि कॅमेरा त्यासाठी घेत असाल तर बिलावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक घाला, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मागता येते.

गणपती ते दिवाळी या काळातल्या सवलती खऱ्या असतात, पण त्या बहुधा जोडसंचांवर असतात. दोन लेन्सच्या संचातल्या दुसऱ्या लेन्सचे पूर्ण नाव वाचा. निकॉनची ७०-३०० ही लेन्स व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशा दोन्ही रूपांत बनली आहे, आणि संचात अनेकदा व्हीआर नसलेली घातली जात असे. ३०० मिमीला ती हातात धरून वापरायची तर शटर १/५०० च्या आसपास ठेवावे लागते, जे ढगाळ दिवशी जमत नाही. फुकट दिलेली बॅग आणि लहान क्षमतेचे कार्ड यांच्या बदल्यात रोख सवलत मागा. बरेच दुकानदार देतात.

हप्त्यांवर घेणाऱ्यांनी "बिनव्याजी" या शब्दापुढचा तपशील वाचावा. व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून वजा होते, परंतु त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडूनच घेतले जाते, आणि एकरकमी भरल्यास मिळणारी रोख सूट हुकते. दोन्ही बेरजा कागदावर मांडूनच निर्णय घ्या.

तपासा: खोके दुकानातच उघडा, सीरियल नंबर जुळवा, बॅटरी घालून एक छायाचित्र घ्या आणि मगच पैसे चुकते करा. ऑनलाइन मागवले असेल तर खोके फोडतानाची सलग ध्वनिचित्रफीत काढा.

## टप्पा ८: पहिला आठवडा

बदलून मिळण्याची मुदत थोडी असते, म्हणून चाचण्या पहिल्या दोन दिवसांत उरका. सकाळी आलेल्या वर्तमानपत्राचे पूर्ण उघडलेले पान भिंतीला चारही कोपऱ्यांनी सपाट चिकटवा. कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर पानाच्या मध्याशी समोरासमोर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि लेन्सच्या दोन्ही टोकांना, सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला आणि एफ/८ ला, अशी चार छायाचित्रे घ्या. पडद्यावर पूर्ण मोठे करून चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरे वाचा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चिंता नाही, स्वस्त झूम लेन्समध्ये ते असतेच. एक कोपरा स्पष्ट आणि त्याच्यासमोरचा पुसट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. कॅमेरा पानाला समांतर होता याची खात्री करून चाचणी पुन्हा करा, आणि निकाल तोच आला तर लेन्स बदलून मागा.

कार्डांचीही चाचणी घ्या, कारण नामवंत कंपन्यांच्या नावाची बनावट कार्डे सर्रास विकली जातात. एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत कार्यक्रम कार्ड पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. वॉरंटीची नोंदणी याच आठवड्यात करा. काही कंपन्या नोंदणी केल्यावर मुदत वाढवून देतात.

## टप्पा ९: पावसाळ्याची व्यवस्था आणि राखीव रक्कम

कॅमेरा त्याच्या फोमच्या बॅगेत घालून आषाढापासून दसऱ्यापर्यंत कपाटात ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. फोम आणि चामडे ओल धरून ठेवतात, आणि अंधार व ओल एकत्र आले की बुरशी धरते. रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा. साठच्या वर काटा गेला की सिलिका जेल बदलायची किंवा तापवून सुकवायची वेळ झाली. निळे दाणे गुलाबी होणे हीच ती खूण. तीसच्या खालीही जाऊ देऊ नका, अतिकोरडेपणाने रबर आणि वंगण बिघडते. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस छायाचित्रे घ्या. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरते. अशा वेळी लेन्स कदापि काढू नका.

राखीव पाच हजार तीन महिने हाताळू नका. त्यानंतर टप्पा १ ची छाननी नव्या छायाचित्रांवर पुन्हा करा आणि फाइलींमध्ये नोंदलेली फोकल लेंग्थ पाहा. बहुतेक छायाचित्रे झूमच्या लांब टोकालाच घेतलेली असतील तर पुढची बचत लांब लेन्ससाठी सुरू करा. आयएसओ सतत ६४०० च्या वर असेल तर फ्लॅश किंवा मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स घ्या. आणि दोन्ही आकडे साधारण मधल्या पट्ट्यात असतील तर त्या पाच हजारांत एखाद्या अभयारण्याची किंवा गडाची सहल करा, कारण संचात काही कमी नाही.